जुना माल पुढे

इंझोरीच्या केशरबाईला मी एक पुडी दिली होती. त्या पुडीबद्दल मला लिहायचं आहे. माझा मुलगा मयंक पुण्याहून फोनवर म्हणतो, बाबा, झालं ते झालं, आता तो विषय काढू नका. मी काढत नाही. पण स्वयंपाकघरात गेलं की फळी समोर दिसतेच.

माझं नाव हुकूमचंद. कारंजा लाडला माझं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, पिना, रबर, टिकल्या, असला माल. आधी त्या जागेत माझे वडील काष्ठौषधी विकायचे. ते गेल्यावर मी धंदा बदलला आणि त्यांच्या शिल्लक मालाच्या चौदा बरण्या घरी आणल्या. माझ्या बायकोने, राजमतीने, त्या स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर दोन ओळींत लावल्या. पुढे रोज लागणाऱ्या, मागे न लागणाऱ्या.

त्या बरण्यांतून ती बायकांसाठी भुकटी करायची. पाळीच्या आधी चार-पाच दिवस कोणाचं पोट फुगतं, कोणाची कंबर धरते, कोणाला उगाच रडू येतं, कोणाला राग येतो, अशांसाठी. बाळंतशेपा, ओवा, तीळ आणि सुंठ भाजून कुटायची, त्यात गूळ. जेवणानंतर एक चमचा, दिवसातून दोनदा. फार मोठी विद्या नव्हती. ती म्हणायची, अर्धं काम भुकटी करते, अर्धं आपलं वागणं. त्या दिवसांत मीठ कमी करा, चहा एकदाच घ्या, सकाळी पायी फिरा, लवकर झोपा, पोटाला गरम पाण्याची पिशवी लावा. तीन महिन्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरकडे जा, मी काही वैद्य नाही. हे शेवटचं ती प्रत्येकीला सांगायची.

शेजारची सून जिनल एकदा तिला म्हणाली, "काकू, त्या दिवसांत सासूचा लई राग येते. काय करू?"

"पाच दिवस गप्प राह्य," राजमती म्हणाली. "पाळी झाल्यावरही राग राह्यला तर तो खरा. मग भांड."

गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या तारखा तिला माहीत असत. त्याला कारण होतं. आम्ही जैन. मुनिमहाराज गावात आले की त्यांच्या आहारासाठी घरोघरी चौका, म्हणजे सोवळ्याचा स्वयंपाक, लागतो, आणि अडचणीतली बाई चौक्यात चालत नाही. कोणाचा चौका कोणत्या दिवशी हे राजमती ठरवायची. त्यासाठी ती कॅलेंडरवर पेन्सिलीने ठिपके द्यायची आणि शेजारी नावाचं पहिलं अक्षर लिहायची. पुढे त्याच ठिपक्यांवरून ती भुकटीचे दिवस मोजू लागली. ठिपक्याच्या पाच दिवस आधी सुरू करायची.

आमच्यात दळलेल्या-कुटलेल्या वस्तूला मर्यादा असते. पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. त्यानंतर त्यात जीव पडतात असं मानतात, ते खात नाहीत. राजमती हे फार काटेकोर पाळायची. म्हणून भुकटी तिने कधी साठवून ठेवली नाही. जिची तारीख आली तिच्यापुरती कुटायची आणि पुडीवर मर्यादेची तारीख लिहून द्यायची.

कोरोनात तिला वास आणि चव दोन्ही कळेनासं झालं. चव परत आली, पण वास काही आला नाही. तेव्हापासून ती बरण्या जागेवरून ओळखायची. ओवा पुढच्या ओळीत, डावीकडून तिसरा.

मागच्या दिवाळीत साफसफाई मी केली. राजमतीचं हृदय कमजोर झालं होतं, डॉक्टरांनी तिला स्टुलावर चढू नका म्हणून सांगितलं होतं. मी चौदाही बरण्या खाली काढल्या आणि साबणाच्या पाण्याने बाहेरून धुतल्या. वडिलांच्या हातच्या कागदी चिठ्ठ्या भिजून निघाल्या. मी ते मनावर घेतलं नाही. दोन बरण्यांत मला ओवा दिसला. एकीत ताजा, एकीत काळपट, जुना. दुकानदाराची सवय आहे, जुना माल पुढे लावायचा आणि नवा मागे, म्हणजे जुना आधी खपतो. तीस वर्षं मी हेच करत आलो. जुना मी तिसऱ्या जागेवर ठेवला आणि ताजा त्याच्या मागे.

दिवाळीनंतर आठव्या दिवशी राजमती गेली. एकोणपन्नास वर्षांची होती.

दोन दिवस तिला बरं नव्हतं. तिचेही ते दिवस जवळ आले होते, आणि या वयात ते तिला जास्त त्रास द्यायचे. म्हणून मीही लक्ष दिलं नाही. चेहरा लाल झाला होता. तोंड कोरडं पडायचं, सारखं पाणी मागायची. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पांघरुणावरून काहीतरी वेचायला लागली, तांदूळ निवडतात तसं.

मी विचारलं, "काय वेचतेस?"

"खडे," ती म्हणाली.

पांघरुणावर काही नव्हतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थांबलं. ते आधीच कमजोर होतं, त्यामुळे कोणी जास्त विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

तिच्या उशाखाली एक पुडी सापडली. तिने स्वतःसाठी कुटलेली, अर्धी संपलेली. वर तिच्या अक्षरात "माझी" लिहिलं होतं आणि खाली तारीख. तेराव्यापर्यंत ती तारीख उलटली. राजमती असती तर तिने पुडी मातीत टाकली असती. माझ्याने टाकवली नाही. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. मी ती तिच्या कपाटात साड्यांखाली ठेवली.

महिन्याभराने, डिसेंबरच्या आठ तारखेला, सोमवारी, केशरबाई आली. इंझोरीची ही बाई पूर्वी आमच्याकडे धान्य निवडायला यायची, तेव्हापासून तिची आणि राजमतीची ओळख. ती दारातच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

"मले परवा कळलं शेटजी. मी कापूस येचाले जात होती, कोनी सांगतलंच नाही."

मी तिला पाणी दिलं. बराच वेळ ती फळीकडे बघत होती. मग म्हणाली, "एक मांगू का? नाही म्हनलं तरी चालते."

"मांग ना."

"सपनासाठी बाईची भुकटी. बावीस तारखेले तिची पोलीस भरतीची धावनी हाये. मागल्या भरतीत त्याच दिवसात आलं. मैदानात पोट धरून बसली पोट्टी, अर्ध्यातून माघारी आली."

"डॉक्टरले दाखवलं?"

"बाईनंच पाठवलं होतं. सारं तपासलं, काही खराबी नाही म्हने. अशीच पाळी असते म्हने काहीची. बाई म्हनत पायी फिरा, तं हे तं रोज आठ किलोमीटर धावते. अजून किती फिरवू तिले? भुकटीनं तिले बरं वाटते."

"मी कधी केली नाही केशरबाई."

"केली नसंल, पाह्यली तं असंल? इतके वर्स या घरात बसून काय पाह्यलं मंग?"

राजमती गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो. मी उठलो आणि तवा ठेवला. राजमतीचा हात मला आठवत होता. पहिल्या बरणीतून दोन मुठी, तिसरीतून एक मूठ, पाचवीतून एक, मग सुंठ. मी फक्त तिचा हात आठवत होतो. वासाकडे, चवीकडे माझं लक्षच नव्हतं. खलबत्त्याचा आवाज घरात झाला तेव्हा मला बरं वाटलं, हेही खरं आहे.

कॅलेंडरवर राजमतीने वर्षअखेरपर्यंतचे ठिपके देऊन ठेवले होते. सपनाचा 'स' अठरा तारखेला होता. मी पुडीवर मर्यादा लिहिली, पंधरा तारखेपर्यंत, आणि केशरबाईला सांगितलं, शनिवारपासून सुरू करायचं. शनिवारी तेरा तारीख होती.

"मंग दोन-तीनच दिवस भेटतीन तिले," केशरबाई पुडीकडे बघत म्हणाली.

"त्यानंतरची टाकून दे. नवी देईन."

ती पुडी कनवटीला लावून गेली.

गुरुवारी दुपारी जेवण झाल्यावर माझ्या पोटात गॅस धरला. मी तिसऱ्या बरणीतून चिमूटभर ओवा घेऊन तोंडात टाकला. ओवा जिभेला झोंबतो. हा झोंबला नाही. कडू लागला. मी मोरीत थुंकलो, चूळ भरली आणि बरणी उजेडात नेली. बी ओव्यासारखं बारीक होतं, पण चपटं, आणि त्यावर रेघा नव्हत्या. मागची बरणी उघडली तर तिच्यातून खऱ्या ओव्याचा वास आला.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मला एकदाच मारलं होतं, ते याच बरणीवरून. मी झाकण उघडून मूठ भरली होती. खुरासानी ओवा. वैद्य लोक तो मोजून, चिमटीने नेत. वडील म्हणाले होते, हा मुठीने घ्यायचा नसतो, माणूस भ्रमिष्ट होतो, मरतोही.

मी मुठीने घातला होता.

त्या क्षणी मला फक्त सपना दिसत होती. दुसरं काही सुचलं नाही. मी केशरबाईला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला, ती शेतात असणार. मग मी कॅलेंडर पाहिलं. शनिवारपासून सुरू करायला सांगितलं होतं. आज गुरुवार. अजून हातात वेळ होता.

मानोऱ्याकडे जाणारी चारची एसटी होती. इंझोरी त्याच रस्त्यावर आहे. मी गेलो नाही. माझ्या पोरीसाठी तुमी काय देल्लं, असं केशरबाईने विचारलं तर काय सांगायचं, याचे शब्द जुळवत बसलो. संध्याकाळी पुन्हा फोन करता आला असता. असल्या गोष्टी फोनवर सांगू नयेत, असं मी स्वतःला समजावलं. उद्या सकाळी जाऊ, पुडी मागून घेऊ, नवी देऊ.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघालो. पिशवीत ती बरणी घेतली होती. का घेतली ते सांगता येत नाही. घरात ठेववत नव्हती. गाडीत खिडकीबाहेर कापूस वेचणाऱ्या बायका दिसत होत्या, आणि दर वळणावर मी पिशवी घट्ट धरत होतो.

केशरबाई अंगणातच उभी होती. मला पाहून तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला. तो मला अजून आठवतो.

"बरं झालं आले शेटजी. पोट्टीले पाहा ना काय झालं. सकाळपासून मले वळखत नाही."

"पुडी दिली का तिले?"

"देल्ली ना. कालपासून."

"शनिवारी सांगितलं होतं!"

"हाव, पन पुडीवर पंधरा तारीख लिवली तुमी. पाच दिवसाची भुकटी, मंग मी बोटं मोजली. अकरापासून घेतली तं पंधराले बराबर पाच होतात. बाईची मर्यादा मोडून कसं चालंल? आन टाकून द्याची तं कायले?"

आमच्या घरची मर्यादा तिच्या घरात कोणी पाळत नव्हतं. तिने ती राजमतीसाठी पाळली होती.

सपना बाजेवर बसली होती. वीस वर्षांची, उंच, काटक मुलगी. चेहरा लाल. बाहुल्या पसरून डोळे नुसते काळे दिसत होते. ओठ कोरडे पडून चिकटले होते. ती समोरच्या हवेतून काहीतरी खुडत होती आणि मांडीवर ठेवत होती.

केशरबाई म्हणाली, "काय येचून राह्यली वं?"

"कापूस," सपना म्हणाली. "लय हाये."

राजमतीची पांघरुणावरची बोटं मला दिसली. खडे, म्हणाली होती.

शेजारच्या राजपालने त्याची ऑटो काढली. रस्ताभर सपनाला आम्ही दोघांनी धरून ठेवलं. ती मधूनच उतरायला बघायची, पळायचंय म्हणायची. केशरबाई विचारत होती, काय झालं, काय झालं असंल, आणि मी राजपालला जोरात चालव म्हणत होतो. कारंजाला दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं. तेव्हा मी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली.

"हे. मी ओवा समजून घातलं. हा खुरासानी ओवा आहे."

केशरबाई माझ्याकडे बघत राहिली.

"किती वेळा घेतलं?" डॉक्टर म्हणाले.

"काल दोनदा. आज सकाळी एकदा," केशरबाई म्हणाली.

"बरणी आणली हे बरं केलं. नाहीतर शोधण्यात वेळ गेला असता." मग त्यांनी मला विचारलं, "हे घालून केलेलं आणखी काही आहे का घरात?"

"नाही," मी म्हणालो.

सपनाला आत नेलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो, बाकाच्या दोन टोकांना. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागलं. शिपाई आला. त्याने केशरबाईला विचारलं, तुमची तक्रार आहे का?

"पोट्टी उठू द्या आधी," ती म्हणाली.

शिपाई गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी मले जहर देल्लं शेटजी."

"हो."

"काल कळलं होतं तुमाले?"

"हो. काल दुपारी."

"मंग काल काहून नाही आले?"

आत एक भांडं पडल्याचा आवाज आला, दोघंही उठलो, पुन्हा बसलो. दुपार उतरली. आतून कोणी बाहेर आलं की केशरबाई त्याच्या तोंडाकडे बघायची. मी खाली फरशी बघत होतो.

मग ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "बाई बोल्ल्या होत्या मले."

"काय बोलली?"

"दिवाळीनंतर फोन केला होता त्याइनं, सपनाची तारीख इचाराले. आवाज बसल्यासारखा होता. म्हने, यंदाची भुकटी कडू लागून राह्यली केशर. मी म्हनलं, मंग नका घेऊ. तं हसल्या. म्हने, ह्यांले सांगतलं, तं ह्ये म्हनतात जुना माल हाये, आधी तो संपव."

मी ते बोललो होतो. मला आठवलं. सकाळची वेळ होती, मी दुकानात जायला चप्पल घालत होतो. ती चमचा हातात धरून उभी होती आणि म्हणाली, "अहो, हे कडू लागतंय." मी वळूनही पाहिलं नाही. म्हणालो, जुना आहे म्हणून. संपव आधी.

संध्याकाळी सपनाची नाडी थोडी खाली आली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आईला ओळखलं. पाणी मागितलं आणि विचारलं, "धावनी कवा हाये?" केशरबाई तिच्या पायांवर डोकं ठेवून रडली. मी दारातून पाहिलं आणि घरी गेलो.

कपाट उघडलं, साड्यांखालून पुडी काढली. "माझी." तिच्या अक्षरातली तारीख महिनाभर मागे गेली होती. परत दवाखान्यात जाऊन ती डॉक्टरांसमोर ठेवली.

"काल मी खोटं बोललो. ही होती."

"कोणाची?"

"माझ्या बायकोची. दिवाळीनंतर गेली." मग मी त्यांना सगळं सांगितलं. लाल चेहरा, पाणी, खडे.

डॉक्टरांनी पुडी उलटसुलट करून पाहिली. म्हणाले, "तपासायला पाठवता येईल."

"मग कळेल?"

"पुडीत काय आहे ते कळेल. त्या कशाने गेल्या ते आता कोणीच सांगू शकणार नाही. हृदयही होतंच."

बाहेर केशरबाई डबा धूत होती. मी तिच्यापाशी जाऊन सांगितलं की बरण्या मी हलवल्या होत्या, राजमतीने तीच भुकटी खाल्ली होती, आणि कडू लागते म्हणाली तेव्हा मीच संपव म्हणालो होतो. तिने नळ बंद केला.

"हे मले कायले सांगता?" ती म्हणाली. "बाईले सांगा."

तिने तक्रार दिली नाही. चूक झाली, एवढंच लिहून दिलं. बावीस तारखेला सपना मैदानावर गेली. अंगात ताकद आली नव्हती, वेळेत पोचली नाही. पुढची भरती कधी निघेल ते कोणाला माहीत नाही.

बरण्या मी सगळ्या रिकाम्या केल्या आणि घासून उपड्या ठेवल्या आहेत. गल्लीतल्या बायका भुकटी मागायला आल्या तर त्यांना राजमतीचं बाकीचं सांगतो, मीठ, चहा, फिरणं, गरम पाण्याची पिशवी, आणि डॉक्टरकडे पाठवतो. तपासणीचं पाकीट मागच्या आठवड्यात आलं. ते फळीवर ठेवलं आहे. अजून फोडलेलं नाही.

नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर मी एकच अक्षर लिहितो. 'स'च्या पाच दिवस आधीपासून मला जेवण जात नाही. तिने काही घेतलं नाही हे मला माहीत असतं, तरी. त्या दिवसांत रोज सकाळी मी इंझोरीला फोन लावतो. केशरबाई उचलत नाही. सपना उचलते. मी काही विचारायच्या आत ती म्हणते, "जित्ती हाओ काका," आणि फोन ठेवून देते.